उतारावर उभं राहून मोजलेली पाखरं

दिग्रसच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं गणित शिकवते आहे, आणि अंदाज बांधणं हा माझा त्याहून जुना नाद आहे. ताटलीत शेंगदाणे किती, मंडपात माणसं किती, समोरच्या तारेवर पोपट किती, हे मी आधी मनात ठरवते आणि मग मोजते. आकडा बहुतेक वेळा जवळपास येतो. माझं माहेर यवतमाळचं, घरात सगळे कचेरीत नोकरी करणारे. वडील जेवायला बसले की डाळिंब फोडून विचारायचे, "दाणे किती असतील?" आम्हा बहिणींना उत्तर द्यावं लागायचं आणि ते कशावरून दिलं तेही सांगावं लागायचं. या सवयीचा मला अभिमान होता. पुढची हकिगत त्या अभिमानाची आहे, असंही म्हणता येईल.

माझ्या शाळेत विज्ञान शिकवणारी एक मैत्रीण आहे. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. तिचा तांडा पुसदच्या रस्त्याला लागून आहे. तिच्या पणज्याच्या वेळेपर्यंत त्या घरचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. आता कापूस आणि तुरीची शेती आहे. तांड्याच्या मागे एक पाझर तलाव आहे. हिवाळ्यात त्यावर पाखरं उतरतात. काळ्या अंगाचे, पांढऱ्या चोचीचे चांदवे तर थव्यानेच असतात, पाण्यावर कुणी तीळ सांडावेत तसे.

पाखरांचा नाद तिचा, मोजण्याचा माझा. असं करत आम्ही दोघी हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी तलावावर जायला लागलो. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, मध्ये थांबून चांदव्यांचा अंदाज घ्यायचा, टोकाला डब्यातली भाकर खायची आणि परत येताना पुन्हा अंदाज घ्यायचा. दोघींच्या वह्या वेगळ्या. एकमेकींचा आकडा घरी परतेपर्यंत बघायचा नाही, हा नियम माझा. बांधाच्या माथ्यावरून चाललं तर पाखरांना आपण लांबून दिसतो आणि ती आत सरकतात, म्हणून आम्ही पाण्याच्या बाजूच्या दगडी उतारावरून चालायचो. एक पाय वर, एक पाय खाली. पहिल्या वर्षी माझी पोटरी आठवडाभर दुखायची. नंतर सवय झाली.

पहिल्याच हिवाळ्यात आमच्या लक्षात आलं की परत येताना आकडा वाढलेला असतो. जाताना माझ्या वहीत एकशेसाठ असेल तर येताना एकशेनव्वद. तिच्याकडेही तसंच, फक्त फरक थोडा कमी. दुसऱ्या हिवाळ्यात तेच, तिसऱ्यात तेच.

मी त्याचं कारण शोधून काढलं. चांदवे पहाटे काठावरच्या गवतात चरत असणार आणि ऊन वर आलं की पाण्यात परतत असणार. कारण मला इतकं पटलं की मी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी त्यावर एक पानभर लेख लिहिला. सोबत तीन वर्षांच्या आकड्यांचा आलेख काढला. मुख्याध्यापकांना तो आवडला. त्यांनी त्यावर प्लास्टिक चढवून तो व्हरांड्यात कायमचा लावला. मधल्या सुट्टीत पोरं पोळीचा घास चावत चावत तो वाचायची आणि मी ते लांबून बघायची.

मैत्रिणीने लेखाबद्दल एकच गोष्ट विचारली होती. "ताई, पण गवतातून पाण्यात शिरतानी आपल्याले एकही चांदवा काहून दिसला नाई?"

"आपण भाकर खात असतो तेव्हा," मी म्हटलं.

पण तिला ते पटलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

चौथ्या हिवाळ्यात तिने नवा फोन घेतला. त्यातून लांबचं स्वच्छ दिसायचं. एका रविवारी तिने जाताना थव्याचा फोटो काढला आणि येतानाही काढला. मंगळवारी ती दोन मोठे छापील फोटो घेऊन स्टाफरूममध्ये आली, माझ्यासमोर बसली आणि लाल पेनाने एकेका पाखरावर ठिपका द्यायला लागली. दर दहा ठिपक्यांना बाजूला एक रेघ. मी पेपर तपासत होते. तासाभराने तिने दोन्ही फोटो माझ्याकडे सरकवले.

"जातानी दोनशे सहा. येतानी दोनशे नऊ."

मी वही काढली. माझ्या वहीत जाताना एकशेऐंशी होते आणि येताना दोनशे तीस.

"फोटोत काही सुटले असतील," मी म्हटलं.

"दोनीकडं सारखेच सुटतीन ना, ताई."

"मग तुझे किती होते?"

"एकशेनव्वद न् दोनशेवीस. मीबी चुकली. पण पाखरं काही वाढली नाईत."

मी दोन्ही फोटो स्वतः पुन्हा मोजले. एकदा तिच्यासमोर आणि एकदा घरी, ओट्यावर दूध तापत असताना. दोनशे सहा आणि दोनशे आठ आले. एक ठिपका तिने पाण्यातल्या काडीला दिला होता. ती काडी सापडल्याचा मला जो आनंद झाला, त्याची आज लाज वाटते. बाकी तिचं सगळं बरोबर होतं. तीन वर्षं मी न वाढलेली पाखरं वाढलेली लिहीत होते, आणि व्हरांड्यात प्लास्टिकखाली त्यांचा आलेख लटकत होता.

दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिने ते मनावर घेतलं नाही. गुरुवारी डब्यातली तुरीच्या दाण्यांची आमटी माझ्या वाटीत वाढत म्हणाली, "आपण दोघीबी एकाच बाजूले चुकून राह्यलो. एक चुकली असती तं समजलं असतं. दोघी कायले चुकतीन?"

तो प्रश्न ऐकला आणि माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. प्रश्न खरोखरच चांगला होता. दोघींच्या वह्या वेगळ्या, आकडे लपवलेले, आणि चूक मात्र दोघींची एकाच दिशेने. जाताना कमी, येताना जास्त. काहीतरी दोघींना सारखंच ढकलत होतं.

तिचा पहिला संशय उन्हावर होता. जाताना आम्ही पूर्वेकडे तोंड करून चालतो, डोळ्यांवर ऊन येतं, पाणी चकाकतं. येताना ऊन पाठीवर असतं. कारण अगदी बरोबर वाटत होतं. मी ते जवळजवळ मान्यच केलं होतं. पण पुढच्या रविवारी तिने फोटो काढताना गंमत म्हणून मलाही त्यात घेतलं. घरी गेल्यावर तिने ते दोन फोटो मला पाठवले आणि खाली लिहिलं, "ताई, तुमी तं वाकड्या हाय."

खरंच वाकडी होते. जाताना पाणी डाव्या हाताला, म्हणून डावा पाय उतारावर खाली आणि सगळं अंग डावीकडे झुकलेलं. येताना पाणी उजवीकडे, उजवा पाय खाली, अंग उजवीकडे. मला वाटत होतं की मी ताठ उभी राहते. फोटोत माझे खांदे तिरप्या तराजूसारखे होते.

मी तो फोटो बघत बसले. एकोणीस वर्षं मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढत आले आहे. मध्ये शून्य. डावीकडे जावं तसतशा संख्या लहान, उजवीकडे जावं तसतशा मोठ्या. हजारो वेळा ओढलेली रेघ. ती नुसती फळ्यावरच राहिली असेल का? डावीकडे कललेली बाई लहान आकड्याकडे कलत असेल का? हा विचार मला हास्यास्पद वाटला. मी फोन उपडा ठेवला आणि कणीक मळायला घेतली. मळता मळता लक्षात आलं की मनात मोठा आकडा आणायचा म्हटलं की माझी नजर उजवीकडे, फ्रिजच्या दिशेने जाते.

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. विज्ञानाची बाई ती. म्हणाली, "मंग ऊन का वाकडेपणा, हे वेगळं करावं लागन."

ते कसं करायचं, तेही तिनेच शोधलं. बांधाच्या मध्यावर सिमेंटचा एक सपाट चौथरा आहे. गणेशविसर्जनाला गावातले लोक तिथून मूर्ती पाण्यात सोडतात. तिथे ऊन तितकंच आणि पाणीही तितकंच चकाकतं, पण पाय सपाट असतात. ठरलं असं की जाताना एकदा उतारावरून आणि लगेच एकदा चौथऱ्यावरून अंदाज घ्यायचा, येतानाही तसंच, आणि प्रत्येक वेळी फोटो काढायचा. कुठल्या रविवारी आधी उतार आणि कुठल्या रविवारी आधी चौथरा, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं.

चार रविवार आम्ही ते केलं. एका रविवारी धुकं होतं, तो दिवस फुकट गेला. उरलेल्या तीन दिवसांत उतारावरचे आमचे आकडे आधीसारखेच वागले. चौथऱ्यावरचे मात्र जाताना आणि येताना जवळजवळ सारखे आले. उन्हामुळे थोडा फरक होता, पण थोडाच. चौथऱ्यावर तर एकदा माझा अंदाज फोटोपेक्षा पाचाहून कमी पाखरांनी चुकला. तीन दिवस म्हणजे काहीच नव्हे, हे गणिताच्या बाईला सांगायला नको. तरी त्या दिवशी बांधावरून उतरताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

हे सगळं तिच्या घरी अंगणात बसून बोलत होतो, तर तिची आई बाजूला ज्वारी पाखडत ऐकत होती. मैत्रीण आईला त्यांच्या बोलीत याडी म्हणते, म्हणून मीही याडीच म्हणते. याडी शाळेत कधी गेली नाही. ती म्हणाली, "मले घेऊन चाला. मी सांगतो कितीक हायेत ते."

पुढच्या रविवारी ती आली. उतारावर ती आमच्यासारखी अडखळत नव्हती, अनवाणी पायांनी दगड धरून चालत होती. जाताना थव्याकडे बघून तिने बोटांच्या पेरांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "धा विसा."

"दोनशे," मैत्रिणीने मला सांगितलं. याडी विसा-विसाने मोजते.

येताना पुन्हा विचारलं. ती पुन्हा "धा विसा" म्हणाली. फोटोत एकशेअठ्ठ्याण्णव निघाले.

मी तिला विचारलं, आधीचा आकडा लक्षात ठेवून तर सांगितला नाहीस ना? तिला ते आवडलं नाही. "मास्तरीणबाई, पाखरं तेवढीच तं हायेत. काहून वेगळं सांगू?"

मग मी वेगळ्या बाजूने विचारलं. "याडी, तुझ्या मनात वीस कुठे असतं आणि शंभर कुठे असतं? डोळे मिटून हात दाखव."

तिने डोळे मिटले. विसासाठी हात गुडघ्याजवळ नेला. शंभरासाठी तो छातीच्याही वर, गळ्यापर्यंत आला. डावं-उजवं काही नव्हतं. तिचे आकडे जमिनीपासून वर चढत होते.

"असे कसे?" मी विचारलं.

"मंग कसे राह्यतीन? गोवऱ्या रचल्या का ढीग वरच जाते. एक, दी, तीन, चार, वर वर. आडवा कोन रचते?"

तिच्या बोलीतला तो "दी", म्हणजे दोन, मला फार आवडला. मी तो मनात दोनदा म्हणून पाहिला. मैत्रिणीलाही डोळे मिटून विचारलं. तिने विसासाठी हात डावीकडे नेला आणि शंभरासाठी उजवीकडे, पण थोडा वरही नेला. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. तांड्यात याडीजवळ मोजायला शिकलेली आणि मग शाळेत आडवी रेघ शिकलेली ती. तिची रेघ तिरपी होती. माझ्यापेक्षा तिची चूक दर वेळी थोडी कमी का होती, याचं कारण तेच असेल का? मला खात्रीने सांगता येणार नाही. पण मी विचार करत राहिले.

आता वर्गाला सांगणं भाग होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जड गेलं. व्हरांड्यातला लेख मी स्वतः खाली उतरवला आणि सातवीच्या वर्गात घेऊन गेले. म्हटलं, "यातले आकडे वहीतलेच आहेत, पण ते अंदाज चुकले होते, आणि यातलं कारण खोटं आहे. मी ते तपासलं नव्हतं." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मास्तर लोक असं म्हणताना त्यांनी ऐकलं नसावं. मग मी त्यांना प्रयोग करायला लावला. एका पायाखाली काहीतरी ठेवून निम्म्या मुलांनी डावीकडे कलायचं, निम्म्यांनी उजवीकडे. पायाखाली जाड पुस्तक घ्या, असं तोंडून निघणार होतं, तेवढ्यात जीभ चावली. पुस्तकावर पाय कोण देईल? शेवटी नव्या खोलीच्या बांधकामाच्या विटा आणल्या.

चाळीस मुलं एकेका विटेवर एक पाय ठेवून कलली. मी विचारलं, बरणीत चिंचोके किती? शाळेला खिडक्या किती? फाटकापासून आपल्या वर्गापर्यंत पावलं किती? उत्तरं कागदावर लिहायची, शेजाऱ्याचं बघायचं नाही. दोघे तोल जाऊन पडले आणि वर्ग हसला, ते वेगळंच.

चिंचोक्यांच्या बाबतीत उजवीकडे कललेल्यांचे आकडे जास्त आले. पावलांच्या बाबतीतही आले, पण अगदी थोडे. खिडक्यांना मात्र दोन्ही बाजूंचे आकडे सारखेच. मी फळ्यापुढे विचार करत उभी होते. तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, म्हणाली, "मॅडम, खिडक्या तं आम्हाले माहीत हायेत. आम्हीच पुसतो. जे माहीत हाय, त्याले वाकून काय होते?"

मी तिचं वाक्य फळ्यावर तिच्याच शब्दांत लिहिलं. माहीत नसतं तिथेच अंगाचं ऐकलं जातं, इतकाच त्याचा अर्थ मी लावला. डोकं अंधारात चाचपडत असतं, तेव्हा पाय त्याला हळूच एका बाजूला नेतात. किती नेतात, सगळ्यांना नेतात का, दुसऱ्या वर्गात हेच निघेल का, हे मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात सहावीत केलं तर चिंचोक्यांचा फरक निम्म्यावर आला. आठवीत तो होता-नव्हता असा. मी तिन्ही वर्गांचे कागद जपून ठेवले आहेत आणि व्हरांड्यातल्या रिकाम्या जागेवर नवा लेख लावलेला नाही. मुख्याध्यापक दोनदा विचारून गेले. मी म्हटलं, अजून एक हिवाळा जाऊ द्या.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुणीही भेटलं की मी विचारते, तुमचे आकडे कुठे असतात? कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले होते, तिथल्या एका फुलवालीने दोन्ही हातांनी समोर गोल दाखवला. तिच्या संख्या हारासारख्या फिरून परत येतात म्हणे. माझी धाकटी बहीण म्हणाली की तिला भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं आणि एकतीसच्या पुढे सगळं धूसर होतं. काही लोक माझ्याकडे काळजीने बघतात. पण डोळे मिटायला सांगितलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि हात कुठेतरी जातोच.

नवऱ्याला मात्र मी विचारलं नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांचं सगळंच मला माहीत आहे असं मी धरून चालले होते. परवा दुपारी ते गच्चीवर वाळवणाला टाकलेल्या मिरच्या हलवत होते. मी म्हटलं, "डोळे मिटा. दहा कुठे आहे?"

त्यांनी मिरची धरलेला हात पोटाजवळ आणला.

"आणि हजार?"

त्यांनी हात खांद्यावरून मागे नेला, पाठीमागे, जितका जाईल तितका.

"मागे?" मी विचारलं.

"मंग," ते डोळे न उघडता म्हणाले. "मोठे आकडे मले कधी दिसलेच नाहीत. ते मागे हायेत, एवढं मात्र वाटते."

मी त्यांना तसंच थोडा वेळ उभं राहायला सांगितलं आणि वही आणायला खाली गेले.